कर्ता गाळलेल्या बातम्यांविषयी निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया, नवी दिल्ली

विषय : युद्धवार्ता व निदर्शकांविषयीचा मजकूर यांस एकच माप लावण्याबाबत.

मा. महोदय,

खाली सह्या करणारे आम्ही, तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचे जुने वाचक, तेथील मराठी दैनिकांच्या फायली समोर ठेवून सविनय निवेदन करतो ते असे :

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हापासून 'रशियाने इतके नागरिक ठार केले' असे कर्त्यासह वाक्य आम्ही वाचीत आलो, आणि ते यथार्थच होते. परंतु ऑक्टोबर २०२३ नंतर गाझाच्या बातमीत त्याच क्रियापदाचे पुष्कळदा 'मृत्युमुखी पडले' असे रूपांतर झाले आणि बॉम्ब कोणी टाकला हे शोधीत वाचकास तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जावे लागले. परदेशी वृत्तसंस्थेचा मजकूर रात्रपाळीच्या उपसंपादकास घाईने मराठीत उतरवावा लागतो, ही अडचण आम्ही जाणतो. तथापि मजकुराबरोबर परक्याची दृष्टीही दप्तरात दाखल होते. कीव्ह हे इराक वा अफगाणिस्तानसारखे नव्हे, तुलनेने 'सुसंस्कृत' शहर आहे, असे उद्गार काढणाऱ्या एका अमेरिकन वार्ताहरास २०२२ मध्ये माफी मागावी लागली, हा त्या दृष्टीचा दाखला होय.

निदर्शकांचीही तीच गत आहे. १४ मार्च २०२२ रोजी मारिना ओव्स्यानिकोवा रशियाच्या सरकारी वाहिनीवर बातम्या चालू असता युद्धविरोधी फलक घेऊन उभी राहिली. तिचे धैर्य आणि फलकावरील शब्द, दोन्ही आमच्यापर्यंत पोहोचले. उलट, ३० एप्रिल २०२४ च्या रात्री न्यूयॉर्कच्या पोलिसांनी कोलंबिया विद्यापीठात शंभरावर निदर्शकांस अटक केली, तेव्हा फुटलेली तावदाने छापून आली. इस्रायलशी संबंधित कंपन्यांतील गुंतवणूक विद्यापीठाने काढून घ्यावी, ही त्यांची मागणी मात्र आमच्या फायलीत क्वचितच आढळते. निदर्शकांनी विद्यापीठाच्या इमारतीचा बळाने ताबा घेतला होता, ते आम्हांस मान्य नाही. पण अपराध सांगताना गाऱ्हाणे गाळावे, हेही मान्य नाही.

दूरचित्रवाहिन्या आपल्या अखत्यारीत येत नाहीत, म्हणून वृत्तपत्रांपुरत्याच आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. मारणारा निश्चित ठाऊक असेल तेथे त्याचे नाव मथळ्यात यावे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० जणांस मारले, त्या बातमीसही हाच नियम लागावा.

२. गाझात परदेशी पत्रकारांस स्वतंत्र प्रवेश नाही, आणि रशियात फौजेविषयी 'खोट्या' माहितीबद्दल १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा निर्बंधांचा उल्लेख तेथील बातमीतच असावा.

३. निदर्शकांच्या अटकेच्या बातमीत त्यांची मागणी त्यांच्याच शब्दांत द्यावी.

४. वरील बाबींचा पत्रकारितेच्या आचारसंहितेत समावेश करण्याची तजवीज व्हावी, व वारंवार उल्लंघन करणाऱ्या पत्रास १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यातील कलम १४ अन्वये ताकीद मिळावी.

संबंधित कात्रणे तारीखवार लावून सोबत जोडली आहेत. ती वाचताना प्रत्येक मथळ्यातील कर्ता तेवढा अधोरेखित करावा, एवढीच विनंती; जेथे पेन्सिल टेकविण्यास शब्दच सापडणार नाही, तेथे आमची तक्रार आहे.

कळावे.

आपले विश्वासू,
वाचनालयाचे वाचक
(सह्यांची यादी सोबत)