खातं चालू आहे की बंद?

गेल्या शनिवारी आईबरोबर बँकेत गेलो होतो. तिचं एक जुनं बचत खातं आहे. पैसे काढायला गेली तर "मॅडम, इनअ‍ॅक्टिव्ह दाखवतंय." का? कधीपासून? काउंटरवरच्या मुलाने मॉनिटरच आमच्याकडे वळवला. खरंच, तेवढंच दाखवत होता! आधी म्हणाला, केवायसी राहिलंय. कागद दिले. मग साहेब म्हणाले, नाही, दोन वर्षं व्यवहार नाही. पुन्हा नवा फॉर्म, पुन्हा तेच कागद. आईचा प्रश्न मात्र बिनतोड होता, "दर तीन महिन्यांनी व्याज जमा होतंय की! मग खातं बंद कसं?"

मला हसू येईना. कारण असं टेबल मीही केलंय. माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये युजरच्या टेबलात एक कॉलम टाकला, 'इज अ‍ॅक्टिव्ह', वाय किंवा एन. झालं काम! पुढे 'लॉक्ड' आला, मग 'डिलीटेड'. तीन फ्लॅग म्हणजे आठ कॉम्बिनेशन्स. अ‍ॅक्टिव्हही आणि डिलीटेडही असलेले महाभाग त्यात सापडले, तेव्हा त्यांचं काय करायचं हे कुणालाच सांगता येईना.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाने स्वतः व्यवहार केला नाही, तर खातं 'इनऑपरेटिव्ह' होतं. बँकेने जमा केलेलं व्याज किंवा कापलेले चार्जेस यात धरत नाहीत. दहा वर्षं असंच गेलं तर पैसे 2014 साली सुरू झालेल्या ठेवीदार जागरूकता निधीत जातात. (ते नंतरही मागता येतात, आणि शोधायला 2023 पासून 'उद्गम' पोर्टल आहे.) म्हणजे नुसती शेवटच्या व्यवहाराची तारीख ठेवून भागत नाही. तो कुणी केला, हेही हवं.

माझं मत स्पष्ट आहे: स्टेटस हा निकाल आहे, आणि आपण निकाल जपतो पण कारणं फेकून देतो. वेगळं हिस्टरी टेबल करा. कुठलं स्टेटस, कधीपासून, कधीपर्यंत, कशामुळे, कुणी बदललं. केवायसी राहणं, व्यवहार नसणं आणि कोर्टाच्या आदेशाने गोठवणं या तीन निराळ्या गोष्टी आहेत, एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एका कॉलममध्ये कोंबल्या की नवी जुनीला पुसते.

"जॉइन वाढतील, क्वेरी स्लो होईल" हे लगेच ऐकू येतं. मान्य. मग सध्याचं स्टेटस मुख्य टेबलातही ठेवा, फक्त दोन्हीकडे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. नाहीतर एक टेबल एक सांगेल, दुसरं दुसरंच.

असो. खातं सुरू झालं. बाहेर पडताना आई म्हणाली, "त्या पोराला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं रे." खरंय. आमच्यापैकीच कुणीतरी ते लिहून ठेवायला जागाच केली नव्हती.