ऊन पाण्याच्या गावाला जाताना



मागच्या महिन्यात लंडनहून ताईंचा फोन आला. ताई म्हणजे आमच्या मंडळींची थोरली बहीण. वय वर्षे ८३. म्हणाल्या, "हनुक्काच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन या. आपण सगळे बाथला जाऊ. ऊन पाण्याचं गाव आहे. आठवतं ना उन्हेरं?"

आठवत नाही कसं? पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या कुंडात या दोघी बहिणी लहानपणी आईबरोबर जायच्या. आता एक लंडनला, एक अश्दोदला. शेवटची भेट २०१८ साली, आमच्या धाकट्याच्या लग्नात. मग २०२० साली करोना आला, २०२३ साली युद्ध सुरू झालं. दोनदा काढलेली तिकिटं रद्द झाली. त्यामुळे या वेळी "बघू पुढच्या वर्षी" असं कोणी म्हणालं नाही.

आमचा तेरा वर्षांचा नातू लगेच कामाला लागला. तीन दिवसांचा कार्यक्रम, दोन पानं, चौदा ठिकाणं! मंडळींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, "अहो, यात ताईशी बोलायचं कधी?"

मग आम्ही दुसरा कागद घेतला. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-भावंडं विलायतेत आहेत, म्हणून आमचा हिशेब इथे देत आहोत. कोणाला उपयोग होईल.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. इस्रायली पासपोर्टवर इंग्लंडला फिरायला जायचं तर २०२५ पासून आधी ई-टी-ए नावाची परवानगी काढावी लागते. ती फोनवरूनच निघते, पण माणशी वेगळी आणि पैसे भरून. लहान मुलांचीसुद्धा काढायची.

दुसरी गोष्ट दिवसाची. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे शुक्रवारी दुपारी साडेतीनलाच शब्बाथची घाई! म्हणून आम्ही सोमवार ते गुरुवार ठरवलं. शब्बाथ लंडनला ताईंच्या घरी. शिवाय नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बाथमध्ये नाताळचा बाजार भरतो. शनिवार-रविवारी मुंगीला शिरायला जागा नसते आणि हॉटेलंही महाग होतात. आठवड्याच्या मधले दिवस त्यातल्या त्यात बरे.

तिसरी गोष्ट पायांची. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून गाडी दीड तासात बाथला पोचते. स्टेशन अगदी गावात आहे. तिथून रोमन स्नानगृहं दहा मिनिटांच्या चालीवर, रस्ता सपाट. पण बाकीचं गाव टेकड्यांवर वसलेलं आहे. रॉयल क्रेसेंट ही तीस घरांची चंद्रकोरीसारखी रांग १७६७ ते १७७४ या काळात बांधली. ती पाहायला चढण चढावी लागते. तिथे आम्ही टॅक्सीने जाणार. टॅक्सीचे पैसे गुडघ्याच्या इंजेक्शनपेक्षा कमीच.

चौथी गोष्ट पोटाची. बाथमध्ये कोशर खानावळ काही आम्हाला सापडली नाही. म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा घेतली. लंडनहून गोल्डर्स ग्रीनमधून सामान न्यायचं. पोहे आणि मसाला इथून. हनुक्काचे दिवे मात्र विजेवरचे नेतो आहोत. भाड्याच्या घरात ज्योत पेटवायला बहुधा मनाई असते, आणि धुराची घंटा वाजली तर सगळी इमारत थंडीत बाहेर!

आता बालमित्रांनो, तुमच्यासाठी. बाथच्या जमिनीतून रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर गरम पाणी वर येतं. ते ४६ अंश गरम असतं. शास्त्रज्ञ सांगतात की हजारो वर्षांपूर्वी डोंगरांवर पडलेला पाऊस खोल जमिनीत मुरला, तिथे तापला आणि फटींतून वर आला. म्हणजे आज दिसणारं पाणी आपल्या आजोबांच्या आजोबांपेक्षा कितीतरी म्हातारं! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी तिथे देऊळ आणि स्नानगृहं बांधली. मोठ्या हौदाच्या तळाला शिशाचे पत्रे घातले. ते अजून आहेत. हौदावर छप्पर नाही, त्यामुळे थंडीत पाण्यावरून वाफा निघताना छान दिसतात. पण त्या हौदात उतरायचं नाही आणि पाण्याला हातही लावायचा नाही.

आणखी एक गंमत. लोक शिशाच्या पातळ पत्र्यांवर शाप लिहून त्या झऱ्यात टाकायचे. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. बरेचसे चोरांबद्दल आहेत: अंघोळीला आलो आणि कोणी कपडा पळवला, देवी, त्याला शिक्षा कर! आमची नऊ वर्षांची नात म्हणाली, "सावा, म्हणजे तेव्हाही लॉकर नव्हते?"

शेजारीच मोठं चर्च आहे, बाथ ॲबी. त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडी शिड्या कोरल्या आहेत. त्यांवरून देवदूत चढतात, आणि काही डोकं खाली करून उतरतात. एका बिशपला पडलेल्या स्वप्नावरून त्या कोरल्या असं सांगतात. पण आपल्याला याकोब अवीनूच आठवणार.

आपली माणसंही त्या गावात होती. कोंब डाउन भागात १८१२ सालापासूनची एक छोटी यहुदी दफनभूमी आहे. आज त्या गावात आपली वस्ती फारशी राहिली नाही. जवळचं सिनेगॉग ब्रिस्टलला, १८७१ सालचं. दफनभूमीचं दार एरवी बंद असतं. म्हणून आधी चौकशी करून, शक्य झालं तर एक दगड ठेवून यायचं ठरवलं आहे.

अंघोळीचा प्रश्न मात्र घरात दोन दिवस गाजला. २००६ साली तिथे नवीन स्नानगृह सुरू झालं. त्याच झऱ्याचं पाणी, पण निववून साधारण ३४ अंशांवर आणलेलं. गच्चीवरसुद्धा एक तलाव आहे. पण सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. नातू रुसला. "मग जायचंच कशाला?" म्हणाला. आम्ही त्याला समजावलं नाही. मंडळींनी जवळ बसवून उन्हेऱ्याची गोष्ट सांगितली: आई पाण्यात उतरायला भ्यायची, आणि ताई धाकटीचा हात धरून पुढे जायची. मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने स्वतःच पेन घेतलं आणि कागदावर लिहिलं: "मंगळवार. सावता आणि ताईसावता, दोन तास, गरम पाणी. आम्ही नाही."

डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तुम्हीही विचाराच, कारण गरम पाण्यात चक्कर येऊ शकते. ताईंची मुलगी बरोबर राहणार आहे. आम्ही तेवढा वेळ मुलांना घेऊन रोमन लोकांचे शाप वाचू.

चौदा ठिकाणांची आता पाच राहिली. रोज सकाळी एक, चारच्या आत घरी, आणि मग चहा, पोहे, गप्पा. ताईंना हिब्रू येत नाही आणि आमच्या मुलांची मराठी मोडकी. तरी बसतील एका टेबलाशी. काय बोलायचं ते त्यांचं ती ठरवतील.

तिकिटं काढली आहेत. विमान उडालं म्हणजे खरं. देवाची इच्छा असेल तर पुढचा वृत्तांत पुढच्या अंकात.

मुलांसाठी कोडं: याकोबाने जिथे शिडीचं स्वप्न पाहिलं, त्या जागेला त्याने काय नाव दिलं? आजीला विचारायला हरकत नाही. उत्तर पुढच्या वेळी.