पंचाण्णवीचा हिशेब
आपण नमस्कार करणाऱ्याला ‘शतायुषी हो’ म्हणतो आणि मोकळे होतो. सिंगापूरचं सरकारी गृहनिर्माण मंडळ मात्र हिशेब करतं. २०२१मध्ये त्यांनी बुकित बातोकला पासष्टीपुढच्यांसाठी घरं काढली. जागा जेमतेम ३२ चौरस मीटर, पण न्हाणीघरात व्हीलचेअर आरामात वळते, हाताशी आधाराचे दांडे, पायाखाली न घसरणारी फरशी. भाडेपट्टा १५ ते ३५ वर्षांचा, अट एवढीच की तो नवरा-बायको दोघांनाही पंचाण्णवीपर्यंत पुरला पाहिजे. गंमत पुढेच आहे. घरासोबत सेवाही घ्यावीच लागते: तब्येतीची साधी तपासणी, किरकोळ दुरुस्त्या आणि चोवीस तास हाकेला ओ देणारी व्यवस्था. म्हातारपणी भिंतींपेक्षा ही ओ मोलाची.