विषय नाही म्हणणाऱ्यांना

आमचे लेखकमित्र म्हणतात, "सुचत नाही, प्रेरणाच नाही." मग वार्षिकाचे पत्र आले की तलाक, बुरखा, दंगल यांपैकी एक काढून कथा उरकतात. जणू या तिन्हींच्या मधल्या काळात मुसलमान जगतच नाही!

आम्ही विचारतो, पिंपरी-चिंचवडमध्ये राहून विषय नाही कसा? रमजानात चाकणचा सेकंड शिफ्टवाला खिशात खजूर ठेवून मगरिबची वाट पाहतो. शेजारचा माळकरी पाच मिनिटे त्याचे मशीन सांभाळतो. हा प्रसंग कथेला चालत नाही? कुदळवाडीत भंगार निवडणारे हात तांबे-पितळ स्पर्शाने ओळखत. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली. बातमीने आकडा सांगितला. त्या रात्री चूल कुठे पेटली, पोराचे दप्तर कुणी उचलले, हे सांगणे कथेचे काम. ते कोण करणार?

मुन्शी प्रेमचंद आमच्यासारखेच शिक्षक होते. 'ईदगाह'साठी त्यांना काय लागले? रोटी करताना भाजणारी आजीची बोटे आणि एक चिमटा. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडीत राहून लिहीत होते. त्यांना प्रेरणेसाठी रजा कुणी दिली होती?

प्रेरणा आभाळातून उतरत नाही, ती शिफ्टच्या बसमधून उतरते. रोज एक प्रसंग वहीत टिपा : कोण, कुठे, काय बोलले. वर्षाला 365 होतात. आपले जगणे आपण लिहिले नाही, तर लोक आपल्याला बातमीतूनच ओळखतील. मग तक्रार कुणाकडे करणार?