लस पुण्याची, मुली कुणाच्या?

२ फेब्रुवारी २०२४ ला पूनम पांडे ‘गेली’ आणि दुसऱ्याच दिवशी ‘परत आली’. त्या दोन दिवसांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर तुमच्या-माझ्या स्टोरीवर जेवढं बोललं गेलं, तेवढं आधी कधीच बोललं गेलं नव्हतं. स्टंट डोक्यात जाणारा होताच. पण मीम्स संपले असतील, तर आता मुद्द्याचं बोलू या.

२०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख बायकांना हा कर्करोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्याने जातात. बहुतेक सगळ्या केसेसच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो. त्यावर लस आहे. ती ९ ते १४ या वयात, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्याआधी घेतली तर सगळ्यात चांगली काम करते.

आणि ही लस आपल्या पुण्यात बनते! हडपसरच्या सीरमची ‘सर्व्हावॅक’ जानेवारी २०२३ मध्ये आली. २०२४ च्या सुरुवातीला खासगी दवाखान्यात एक डोस साधारण २ हजारांना पडत होता. परदेशी लशीपेक्षा स्वस्त, हे खरं. पण कुणासाठी स्वस्त? आमच्या सोसायटीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना मी हा आकडा सांगितला. त्यांच्या दोन मुली, ११ आणि १३ वर्षांच्या. प्रत्येकीला दोन डोस, म्हणजे ८ हजार. ‘‘अगं, अख्ख्या महिन्याचा पगार झाला की हा,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘पोलिओसारखी फुकट नाही का देत?’’

२०२४ च्या सुरुवातीला तरी देत नव्हते. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात या लसीकरणाला ‘प्रोत्साहन’ देऊ, असं सरकारने सांगितलं होतं. प्रोत्साहनाने मावशींचे ८ हजार वाचत नाहीत. लस फुकट हवी आणि शाळेतच मिळायला हवी. सिक्कीमने २०१८ मध्ये हेच केलं आणि ९५ टक्क्यांहून जास्त मुलींपर्यंत लस पोहोचली. या वयात एक डोसही पुरतो, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगतेय. म्हणजे खर्चही निम्मा. ज्या मुलींची शाळा सुटलीय, ज्या घरी धाकट्या भावंडांना सांभाळतायत, त्यांच्यासाठी मात्र आशाताईंना वस्तीत जावं लागेल. त्यांना वगळलं, तर ज्यांना जास्त गरज आहे त्याच राहून जातील.

‘एवढ्याशा पोरीला असल्या आजाराची लस कशाला?’ हा प्रश्न येणारच. त्याला माझं साधं उत्तर आहे. हिपॅटायटिस बी सुद्धा शरीरसंबंधातून पसरतो. त्याची लस आपण जन्मलेल्या बाळाला टोचतो. तेव्हा कुणी बाळाच्या चारित्र्याची चौकशी करतं का?

भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये याच लशीच्या प्रकल्पात अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. पुढे काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण संमतीतला घोळ खरा होता आणि संशय वर्षानुवर्षं राहिला. गरिबाची सही म्हणजे फॉर्मॅलिटी नव्हे. आईला समोर बसवा, तिच्या भाषेत सांगा, तिला प्रश्न विचारू द्या. ३० नंतर तिची स्वतःची तपासणीही करायला हवी, हेही त्याच बैठकीत सांगा.

आता तुमच्याबद्दल. सर्व्हावॅकला ९ ते २६ वयासाठी मंजुरी आहे, मुलग्यांसाठीसुद्धा. एचपीव्हीमुळे घशाचा कर्करोगही होतो, तेव्हा मित्रांनो, ‘हे मुलींचं काहीतरी आहे’ म्हणून पान उलटू नका. परवडत असेल तर या आठवड्यात डॉक्टरांना विचारा. आणि एनएसएसच्या पुढच्या शिबिरात भिंती रंगवून झाल्या, की वस्तीतल्या आयांसोबत तासभर बसा. फुकट लशीची मागणी त्यांच्या नगरसेवकापासून आमदारापर्यंत कुणाकडे तरी लेखी गेली पाहिजे. अर्ज लिहायला तुम्हाला येतो ना?