आधी विषय की आधी मार्गदर्शक?

एम.ए.चे निकाल लागले की आपल्या उज्जैनच्या मराठी घरांतून एक चर्चा हमखास सुरू होते. मुलाला अथवा मुलीला इतिहासात पीएच.डी. करावयाची आहे, तर विषय कोणता घ्यावा? वडीलधारी मंडळी तत्काळ विषय सुचवू लागतात. कोणी महादजी शिंदे म्हणतो, कोणी अहिल्याबाई. मला विचाराल तर येथे प्रश्नांचा क्रमच उलटा झालेला असतो. विषयाला मुरड घालता येते. परंतु अर्ध्या वाटेवर मार्गदर्शक बदलणे फार जड जाते.

या बाबतीत आपल्याच माळव्यातले एक उदाहरण मननीय आहे. सीतामऊचे महाराजकुमार रघुबीरसिंह यांनी अठराव्या शतकातील माळव्यावर प्रबंध लिहून आग्रा विद्यापीठाची डी.लिट. मिळविली. १९३६ साली ‘मालवा इन ट्रान्झिशन’ या नावाने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक होते सर जदुनाथ सरकार. गुरू बंगालचे, शिष्य माळव्यातला. तेव्हा मार्गदर्शनाचा मोठा भाग टपालानेच चाले. जदुनाथांची ही पत्रे श्री. रा. टिकेकर यांनी संपादित करून १९७५ साली प्रसिद्ध केली. संशोधनाची वाट धरू इच्छिणाऱ्याने ती अवश्य वाचावीत. राजपुत्राला परदेशांतील हस्तलिखितांच्या नकला मागविणे परवडले, ही गोष्ट खरी. पण त्याच संग्रहामुळे आज आपल्या मुलांना लंडन गाठावे लागत नाही, सीतामऊची बस पुरते!

आणि हे जदुनाथ तरी एकटे कोठे होते? फारसीवर त्यांचे प्रभुत्व होते, मराठीही ते शिकले होते. तथापि मराठी कागदपत्रांच्या बाबतीत रियासतकार गो. स. सरदेसाई हा त्यांचा मोठा आधार होता. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड या दोघांच्या देखरेखीखाली निघाले. एवढ्या थोर पंडितालाही जेथे जोडीदार लागला, तेथे विद्यापीठातील एकाच प्राध्यापकाने सर्व भाषा जाणाव्यात ही अपेक्षा अन्यायाची होय.

आपल्या मुलांची खरी अडचण नेमकी येथेच आहे. समजा, एखादीने शिंदेकालीन उज्जैन हा विषय घेतला. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले, तेथपासून १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तेथपर्यंतचा हा काळ. साधने मोडीत, फारसीत आणि इंग्रजीत. मुलगी घरी मराठी बोलते, तिचे शिक्षण हिंदीत झाले, आणि मोडी तिने फक्त आजोबांच्या जुन्या वहीत पाहिली! मार्गदर्शक व्यासंगी असूनही मोडी जाणत नसेल, तर तिने लावलेले वाचन बरोबर की चूक हे तो कसे सांगणार? मग छापील ग्रंथांतील उतारेच पुन्हा उतरविले जातात, आणि प्रबंध पुरा होऊनही मूळ कागद न वाचलेलेच राहतात.

यावर नियमांत तोड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार सहमार्गदर्शक घेता येतो, आणि तो दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतलाही चालतो. घरातल्या मोडी जाणणाऱ्या आजोबांना अर्थातच ही पदवी मिळणार नाही; पण रोज संध्याकाळी तासभर नातीला शेजारी बसवून कागद लावण्यास कोणत्याही आयोगाची अनुमती लागत नाही.

नियमांतील आणखी काही गोष्टी आईवडिलांनीही ठाऊक करून घ्याव्यात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. म्हणून नामवंताकडे जागा नसली तर तो अपमान समजू नये. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक सल्लागार समिती असते व दर सत्रात तिच्यापुढे आपले काम मांडावे लागते. पुष्कळांना ही कटकट वाटते. मला तर तीच विद्यार्थ्याची ढाल वाटते, कारण मार्गदर्शकाने महिनोन्‌महिने प्रकरण उघडून पाहिले नाही, तर ते तेथे चारचौघांपुढे येते. मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षांची असते. पुनर्नोंदणीने ती दोन वर्षे वाढू शकते, आणि स्त्रियांना त्याहून दोन वर्षे अधिक मिळू शकतात. विवाहामुळे गाव सोडावे लागल्यास मुलीला आपले संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची सोय आहे; पहिल्या मार्गदर्शकाला त्याचे श्रेय मात्र द्यावे लागते. लग्न ठरताच नोंदणी सोडून देणाऱ्या घरांनी हे कलम सासरच्या मंडळींनाही वाचून दाखवावे.

आता पहिल्या भेटीविषयी. विषयाची टिपणे नेण्यापूर्वी ज्यांनी त्यांच्याकडे काम पुरे केले आहे अशा दोघांना भेटावे, आणि लिहिलेले प्रकरण किती दिवसांत परत मिळते एवढेच विचारावे. सर निवृत्त कधी होणार, हे विचारणे अवघड खरे. परंतु निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नियमाप्रमाणे त्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही. तेव्हा ही चौकशी कार्यालयात करावी, तेथे कोणाला राग येत नाही.