मक्याचा माग काढत मेक्सिको सिटी

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मेक्सिको सिटीचा विषय निघाला की दोन दिवसांत एक एक्सेल तक्ता तयार होतो. पहिल्या रकान्यात बघायच्या जागा: सोकालोचा चौक, कॅथीड्रल, मानववंशशास्त्र संग्रहालय, फ्रिडा कालोचं निळं घर, तेओतिवाकानचे पिरॅमिड. दुसऱ्यात वेळा, तिसऱ्यात तिकिटं. जेवणाचा रकाना सगळ्यात शेवटी आणि बहुधा रिकामा. फार तर ‘जवळपास काहीतरी मिळेल’ एवढंच, आणि मग ठेपले किती न्यायचे यावर चर्चा. एरवी या पद्धतीला नावं ठेवायचं कारण नाही. लंडनचा टॉवर बघून झाल्यावर दुपारी इटालियन जेवलात काय आणि बांगलादेशी जेवलात काय, टॉवर समजण्यात काही उणं राहत नाही. मेक्सिको सिटीचं तसं नाही. तिथल्या बघण्याच्या आणि खाण्याच्या गोष्टी मोठ्या प्रमाणात एकाच कारणाने घडल्या आहेत, आणि ते कारण आहे मका. म्हणून या शहराची सहल आखताना तक्ता उलट्या बाजूने भरावा, असं माझं म्हणणं आहे. मका कुठे पिकतो, कुठे दळला जातो, कुठे आणि किती वाजता खाल्ला जातो ते आधी ठरवावं आणि वास्तू त्याभोवती बसवाव्यात. चार जागा गळतील, पण उरतील त्यांचा एकमेकींशी काही संबंध लागेल.

हा निव्वळ खवय्येपणाचा हट्ट नाही. परंपरेनुसार १३२५ साली मेशिका लोकांनी तेनोच्तित्लान वसवलं ते तेश्कोको सरोवरातल्या एका बेटावर. चहूकडे पाणी, शेतीला जमीन तुटपुंजी. अशा राजधानीचं पोट भरलं ते बऱ्याच अंशी चिनाम्पांनी, म्हणजे उथळ पाण्यात गाळ आणि पालापाचोळा थरावर थर रचून, कडेने झाडं लावून उभ्या केलेल्या लांबट वाफ्यांनी. मका, घेवडा, भोपळा, मिरची, राजगिरा, सगळं त्यावर. शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्कोत हे वाफे आजही कसले जातात, आणि १९८७ साली युनेस्कोने जुन्या शहराच्या जोडीने त्यांनाही जागतिक वारशात घेतलं. आपले लोक तिथे जातात ते शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी, रंगीत नावेत बसून मारियाची ऐकायला. त्यात गंमत आहे, नाही असं नाही. पण शेत दिसत नाही, नावांची गर्दी दिसते. तिथेच पहिल्या दिवशी, भल्या सकाळी जावं आणि शेतांकडे जाणारी नाव ठरवावी. मग दुसऱ्या दिवशी तेंप्लो मायोरच्या अवशेषांपुढे उभं राहिल्यावर एक कोडं आपोआप सुटतं. १९७८ साली वीजखात्याच्या कामगारांना खोदताना कोयोल्शाउकी देवीची प्रचंड शिळा लागली आणि त्यातून हे मंदिर उजेडात आलं. त्याच्या माथ्यावर गाभारे दोन होते, एक युद्धदेव वित्सिलोपोच्त्लीचा आणि दुसरा, त्याच्याच बरोबरीने, पर्जन्यदेव त्लालोकचा. लढाईतून खंडणी यायची, पावसातून पीक. राज्याचा जमेचा हिशेबच तिथे दगडात मांडलेला होता. चिनाम्पा आधी पाहिलेल्या माणसाला पावसाच्या देवाचा तो मान कुणी समजावून सांगावा लागत नाही.

१५२१ मध्ये स्पॅनिशांनी शहर जिंकलं, सोबत गहू आणला, आणि मंदिराला खेटूनच कॅथीड्रलचं काम १५७३ ते १८१३ असं पिढ्यान् पिढ्या चालवलं. ते कॅथीड्रल आज असमान खचलं आहे, कारण खाली जमीन नसून सरोवराचा भुसभुशीत तळ आहे. आत घुमटातून लोंबणारा ओळंबा ते खचणं उघड दाखवतो. तिथल्या पिकांपैकी राजगिऱ्यावर स्पॅनिशांचा विशेष राग होता. मेशिका लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या प्रसाद म्हणून वाटून खात, हे पाद्र्यांना खपण्यासारखं नव्हतं. तरीही राजगिरा टिकला. आज तो ‘आलेग्रिया’ या नावाने चौकाचौकात वड्या होऊन विकला जातो, आणि एकादशीला राजगिऱ्याची चिक्की खाणाऱ्या आपल्या घराला त्याची चव नव्याने शिकावी लागत नाही. उपासाच्या ताटातला राजगिरा, शेंगदाणा, बटाटा आणि साबुदाणा चारही मूळचे अमेरिका खंडातले आहेत, तेव्हा हे साम्य योगायोगाचं नाही.

पण खरा अभ्यास तव्याशी करावा. बाजाराच्या तोंडाशी बसलेल्या बाईच्या पुढ्यात कोमाल असतो, मोठा, सपाट तवा. शेजारी ओल्या फडक्याखाली निळ्या मक्याच्या पिठाचा गोळा. त्यातला लिंबाएवढा उंडा घेऊन ती तो तळहातावर चापटते, मध्ये वाटलेला घेवडा किंवा बाकला भरते आणि दोन्ही टोकं निमुळती करत लांबट आकार देते. हा त्लाकोयो. तो तेलाशिवाय दोन्हीकडून भाजला जातो, वर नोपाल या निवडुंगाच्या उकडलेल्या पट्ट्या, कांदा, कोथिंबीर, किसलेलं चीज आणि हिरवी किंवा लाल साल्सा पडते. हा पदार्थ युरोपीय माणूस येण्याआधीपासूनचा आहे. त्यातलं शास्त्र पिठात आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवले की टरफल सुटतं, पीठ चिकट होऊन थापता येतं, कॅल्शियम वाढतं आणि दाण्यात अडकलेलं नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला पण ही चुन्याची रीत नेली नाही. मक्यावरच गुजराण करणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे याच नियासिनच्या अभावाचा रोग, झाला. असा इतिहास कुठल्याही संग्रहालयाच्या पाटीपेक्षा कोमालपाशी लवकर डोक्यात शिरतो, आणि त्यानंतर संग्रहालयात काचेमागे ठेवलेला दगडी मेताते, म्हणजे तिथला पाटा-वरवंटा, नुसता जुना दगड राहत नाही.

मराठी माणसाने हा धागा धरावा याला आणखी एक ठोस कारण आहे. सोकालोपासून चालत जाण्याच्या अंतरावर शिक्षणखात्याची इमारत आहे. तिच्या दोन चौकांच्या भिंती दिएगो रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात रंगवल्या. त्यातल्या ‘आपली रोजची भाकर’ या अर्थाच्या नावाच्या चित्रात मेजाच्या मध्यभागी बसून पाव वाटून देणारा माणूस म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक भटकत भटकत मेक्सिकोत पोचला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला, मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतला आणि १९६७ साली नागपुरात वारला. गंमत म्हणजे मक्यासाठी उमेदीची वर्षं वेचलेल्या माणसाच्या हाती रिव्हेराने गव्हाचा पाव दिला. आपल्या तक्त्यांत फ्रिडाचं घर हमखास असतं आणि ही भिंत नसते, हे मला न पटणारं आहे.

यावर पहिला आक्षेप शाकाहाऱ्यांचा, आणि तो गंभीर आहे. मेक्सिकन जेवण म्हणजे डुक्कर आणि गाय, ही समजूत रात्रीच्या ताकेरियांपुरती, म्हणजे ताकोंच्या टपऱ्यांपुरती, बरीचशी खरी आहे. फिरत्या सळईवरचा प्रसिद्ध ‘अल पास्तोर’ डुकराच्या मांसाचाच असतो, जरी त्याची रीत लेबनीज स्थलांतरितांच्या शवर्म्याकडून आली असली तरी. पण मक्याचा माग काढलात तर शाकाहार वाटेतच भेटतो. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, कणसावरच्या काळ्या बुरशीचं वित्लाकोचे, आणि ‘केलितेस’ या नावाखाली मिळणाऱ्या रानभाज्या, ज्यांत आपला माठ आणि घोळ दोन्ही सापडतात. सावधगिरी लागते ती वेगळ्याच ठिकाणी. परतलेल्या घेवड्यात आणि तामालेच्या, म्हणजे मक्याच्या वाफवलेल्या उंड्यांच्या, पिठात बहुधा डुकराची चरबी असते, भातात कोंबडीचं पाणी असू शकतं. तेव्हा ‘सिन मान्तेका’ आणि ‘सिन काल्दो दे पोयो’ एवढी दोन वाक्यं पाठ करून जावं. जैन पद्धतीचं किंवा तव्याचाही विटाळ मानणारं जेवण ज्यांना हवं त्यांना मात्र ही आखणी झेपणार नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

दुसरा आक्षेप पोटाचा. नळाचं पाणी पिऊ नये हे ठीकच. पण रस्त्यावरचं सगळंच वर्ज्य करून हॉटेलातलं बुफे सुरक्षित मानणं हा उलटा न्याय आहे. डोळ्यांदेखत तापल्या तव्यावरून उतरलेला त्लाकोयो तासन् तास मांडून ठेवलेल्या सॅलडपेक्षा बरा. त्रास होतो तो अनेकदा उंचीमुळे. शहर सुमारे २,२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरहून कितीतरी वर, आणि तिथे रात्री दहाला तुडुंब जेवून झोप लागत नाही. स्थानिक घड्याळ इथे कामाला येतं. सकाळी तामाले आणि आतोले, म्हणजे मक्याची ऊन पातळ पेज; मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान एखाद्या फोन्दात, म्हणजे साध्या खानावळीत, सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि सरबत अशा ठरीव क्रमाने; रात्री हलकं काही. हे घड्याळ पाळलं की संग्रहालयं आपोआप सकाळच्या ताज्या डोक्याने होतात, आणि ज्येष्ठांना दुपारी टेकायला हक्काचे दोन तास मिळतात.

राहिला खर्चाचा आणि विवेकाचा प्रश्न. २०२४ साली मिशेलिनने मेक्सिकोला पहिल्यांदा तारे दिले, त्यात ‘एल कालिफा दे लेओन’ या उभ्याने खायच्या छोट्या ताकेरियालाही एक मिळाला, आणि तेव्हापासून तारे मोजत फिरणाऱ्यांची वेगळी यादी सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये रोमा आणि कोंदेसा भागांत रहिवाशांनी वाढत्या भाड्यांविरुद्ध मोर्चा काढला. डॉलरवाल्या पाहुण्यांमुळे आपणच हुसकले जातो ही त्यांची तक्रार आपल्यालाही लागू आहे. अमेरिकेतून जाणारा मराठी माणूस तिथे डॉलरवालाच असतो. फोन्दात जेवल्याने भाडी उतरणार नाहीत. पण वस्तीतला फ्लॅट अडवण्याऐवजी जुन्या शहरातल्या साध्या हॉटेलात उतरणं आणि पैसा बाजारातल्या तव्यांवर खर्च करणं, एवढं आपल्या हातात आहे, आणि मक्याभोवतीच्या आखणीत ते सहज बसतं. आगाऊ तिकीट फ्रिडाच्या घराचं तेवढं काढून ठेवावं, तेही जायचंच असेल तर. तेओतिवाकान पुढच्या खेपेला गेलं तरी चालेल. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात. तो अख्खा दिवस ला मेर्सेदच्या बाजाराला द्यावा, जिथे सुक्या मिरच्यांच्या राशी, नोपालचे काटे सुरीने झरझर तासणाऱ्या बायका आणि निळ्या, पांढऱ्या, लाल मक्याची पोती एकाच छपराखाली भेटतात.